आमच्या अंगणवाडीतली सांडी

आमच्या गावात अंगणवाडीच्या मदतनीस बाईला सगळे ‘सांडी’ म्हणत. तिच्या हातून रोज काही ना काही सांडायचं म्हणून. हे नाव पहिल्यांदा कोणाच्या तोंडून निघालं ते आता कोणाला आठवत नाही. मला आठवतं. माझ्याच.

मी सातवीतून शाळा सोडलेला माणूस. लिहिणं म्हणजे सही, नाहीतर लग्नपत्रिकेवर नावं टाकणं, एवढंच. पण बाई आता गावात नाही, माझी बायको तर नाहीच, आणि जे सांगायचं होतं ते भर अंगणवाडीत उभं राहून मला सांगता आलं नाही. म्हणून नातीच्या उरलेल्या वहीत लिहितो आहे.

बाई उंच, काटकुळी. माहेर झरी जामणीकडचं, जंगलातलं. पायात कायम दोन वेगळ्या चपला. एक काळी बायकी, एक तपकिरी गड्याची. एक तुटली की बोरी अरबच्या बाजारात जुन्या चपलांच्या ढिगातून ती एकच शोधून आणायची, दुसरी तशीच ठेवायची. कोणी हसलं तर म्हणे, “एकीचं आयुष्य सरलं म्हनून दुसरीले कायले फेकाव?” हे ती चपलेबद्दल बोलायची. पण बायको गेल्यावर ते वाक्य मला भलत्याच वेळी आठवायचं.

दुसरी तिची खोड म्हणजे तिचा रामराम. ती कोणाला रामराम करत नसे. समोर येईल त्याला विचारी, “झाली का?” लेकरांना विचारी ते ठीक होतं, तिचं कामच ते. पण बाई मोठ्यांनाही सोडत नसे. सरपंचाला विचारी, दूधवाल्याला विचारी. एकदा शेजारच्या घरचं लग्न होतं. नवरदेव घोड्यावर, बँड वाजून राहिलेला, आणि ही गर्दीतून पुढं गेली, घोड्याचा लगाम धरला आणि मान वर करून म्हणते, “झाली का बाप्पा सकाळची? नाई म्हंजे, आता दोन घंटे उतरू देत नाईत हे लोक.” नवरदेवानं सगळ्यांदेखत मान हलवली. नाही म्हणून. मग काय, वरात दहा मिनिटं थांबली. त्या पोराला आता दोन लेकरं आहेत, अजून तो तिचं नाव निघालं की हात जोडतो.

मलाही ती विचारी. मला संताप येई. एक दिवस मी म्हटलं, “ओ बाई, मले नका विचारत जाऊ. मी काय अंगणवाडीत हाओ?”

ती माझ्याकडं वरपासून खालपर्यंत पाहत म्हणाली, “तुमचं येगळं दुखणं हाये भाऊ. ऊठबस ऊठबस करता तुमी पारावरून. दवाखान्यात दाखवा. लाजू नका.”

पारावर सहा माणसं बसलेली. खरी गोष्ट होती, साठीनंतर माझ्या लघवीचा भरवसा राहिला नव्हता. पण अशी खरी गोष्ट कोणी सहा माणसांत काढते का? ती गेल्याबरोबर मी म्हटलं, “हिचं तोंड बी सांडते अन् हात बी सांडते. सांडीच हाये हे.” सगळे हसले. नाव चिकटलं. एका वर्षात गावातली लेकरंसुद्धा तिला ‘सांडीमाय’ म्हणू लागली. ती ओ द्यायची.

आणि सांडायचीच ती. खिचडी शिजवताना नाही, धान्य मोजताना नाही. सांडायचं ते पाणी. लेकरं ओळीनं सतरंजीवर बसलेली असत, शिकवणारी ताई गाणं म्हणून घेत असे, आणि मध्येच धबाल्लकन आवाज होई. कधी तांब्या, कधी बादली. सतरंजी ओली, लेकरं ओली, ताई ओरडून राहिली. बाईकडं रंगाचा एक रिकामा डबा होता, त्यात चाळलेली चुलीची राख. ती तिथं राख टाकी, फडक्यानं पुसून घेई आणि म्हणे, “झाकलं.” एवढंच. एकदा तपासणीला आलेल्या मॅडमनी वहीत लिहिलं, मदतनीस कामात वेंधळी आहे, हातून वस्तू सांडतात. बाईनं ते ताईकडून दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाली, “बरोबर लिवलं.” ही गोष्ट मी पारावर आठ दिवस तिखटमीठ लावून सांगितली.

घरी बायकोला सांगितली तर ती हसली नाही. भाकरी थापत होती. म्हणाली, “ते सांडी नाई. तुमच्या ध्यानात नाई येनार.”

“काहून? ध्यानात यायले काय कायदा हाये का त्याच्यात?”

“जाऊ द्या,” म्हणाली आणि भाकरी उलटली.

बायकांचं काहीतरी असेल, म्हणून मी सोडून दिलं. आमच्या घरी बायको हेच एक माणूस त्या बाईला नावानं हाक मारायचं. बाईची वस्ती नाल्यापलीकडं. इतक्या वर्षांत ती आमच्या ओट्याच्या वर कधी चढली नव्हती. आम्ही कधी बोलावलं नव्हतं. आम्ही म्हणजे मी.

माझा पोरगा आणि सून पुण्याला कंपनीत आहेत. त्याची दिवसपाळी, तिची रात्रपाळी. नात दीड वर्षाची झाली तेव्हा आमच्याकडं आणून सोडली. चिमी. ती माझ्या बायकोच्या पायावर वाढली, हे मी म्हणीसारखं नाही म्हणत. खरंच पायावर. रोज सकाळी अंगणात ऊन आलं की बायको पाटावर बसायची, दोन्ही पाय लांब करायची, पावलं थोडी फाकवून, आणि त्या दोन पावलांवर चिमीला बसवायची. तोंडासमोर तोंड. तिचे हात आपल्या गुडघ्यांवर ठेवायची आणि ओठातून आवाज काढायची, शूऽऽ. दोघींचं काय काय बोलणं चाले. कावळा आला, मांजर गेली, आजा उठला. मी चहा पीत बाजेवर बसलेलो असे. आमच्याकडं लेकरं अशीच शिकली आजवर, माझा पोरगा शिकला, मीही तसाच शिकलो असेन.

एकदा बायकोचा गुडघा सुजला होता. म्हणाली, “आज तुमी बसा नं जरा पाय लांब करून. मले वाकवत नाई.”

मी म्हटलं, “हे काय गड्याचं काम हाये?”

ती सुजल्या गुडघ्यानं बसली. बसताना तोंडातून जो आवाज निघाला तो मी ऐकला होता. चहा पीतच ऐकला होता.

अडीच वर्षांची होईपर्यंत चिमी सांगू लागली. “आजी, शू.” मग बायकोनं तिला अंगणवाडीत घातलं. सगळं सुरळीत झालं म्हणेपर्यंत कापूस वेचणीचे दिवस आले. एका दुपारी बायको शेतातून आली, ओट्यावर टेकली, पाणी मागितलं. मी पाणी घेऊन येईस्तोवर गेली. तांब्या माझ्या हातात तसाच राहिला.

तेरवी झाली. पाहुणे गेले. आणि चिमी पुन्हा चड्डी ओली करायला लागली. दिवसातून तीन वेळा, चार वेळा. सांगायची नाही. ओल्या चड्डीतच उभी राहायची, पाय फाकवून, खाली पाहत. पोरगा तिला पुण्याला न्यायच्या गोष्टी करत होता, पण तिथल्या पाळणाघरवालीनं फोनवर पहिलाच प्रश्न विचारला, पोरगी सांगते का? सांगत असेल तर घेतो. पोरगा मला म्हणाला, “बाबा, महिनाभर पाहा. आईनं शिकवलंच होतं, येईल पुन्हा.”

मी म्हटलं येईल. न येऊन काय करते?

आता जे लिहायचं आहे त्याच्यासाठी ही वही काढली.

आमच्या आवारात योजनेतून बांधलेला संडास होता. बांधला तेव्हा फोटो काढून नेले, आणि दुसऱ्या दिवसापासून मी त्यात ढोरांची ढेप, म्हणजे सरकीची पेंड, ठेवली, फवारणीचा पंप ठेवला. कुत्री ढेप खातात म्हणून दाराला बाहेरून कडी बसवली. आतून काही नव्हतं, ढेपीला आतून कडी कशाला पाहिजे? गावात अर्ध्या संडासांना अशीच बाहेरून कडी आहे. बायको मरेपर्यंत पहाटे टमरेल घेऊन नाल्याकडं गेली. तेरवीनंतर लाज वाटून मी तो संडास रिकामा केला, धुतला. म्हटलं, पोरगी शहरात जाणार, तिला याच्यातच शिकवू. पण आत अंधार, ढेपीचा वास, आणि मधोमध ते भोक. चिमी दारातूनच मागं सरे.

बायकोची एक गोधडी होती, तिच्याच जुन्या लुगड्यांची. मी ती धुतली नव्हती. तिच्या डोक्याच्या तेलाचा वास होता तिला. दुपारी मी ती तोंडावर घेऊन पडायचो. मी काय करतो हे कोणाला माहीत नव्हतं आणि मला कोणाला सांगायचंही नव्हतं. एक दिवस डोळा लागला होता. जाग आली तर अंगाखाली ओलं. चिमी माझ्या बाजूला येऊन झोपली होती आणि गोधडीत मुतली होती. मी गोधडी नाकाला लावली. तेलाचा वास नव्हता. होता तो दुसराच.

मी पोरीला दंडाला धरून उचललं. तिला काय काय बोललो ते लिहीत नाही. संडासात नेली, उभी केली, म्हटलं, इथंच कर आता, आणि बाहेरून कडी घातली. ओट्यावर येऊन बसलो, बिडी पेटवली. एक संपली. दुसरी पेटवली. पहिल्या बिडीपर्यंत ती रडत होती. “आजी, आजी” करत होती. दुसऱ्या बिडीत आवाज बंद झाला. मला वाटलं, आली वठणीवर.

दार उघडलं तर ती कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून बसली होती. कान दोन्ही हातांनी झाकलेले. मी हात लावला तर दचकली नाही, रडली नाही. उठली आणि माझ्या बाजूनं, मला न शिवता, बाहेर गेली.

त्या दिवसापासून चिमीनं परसाकडे जाणंच बंद केलं. एक दिवस, दोन दिवस, पाच दिवस. पोट नगाऱ्यासारखं टणक. जेवत नव्हती. लागली की टाचा उचलून भिंत धरून उभी राही, तोंड लाल करी आणि आतच दाबून ठेवी. शेजारणी म्हणाल्या एरंडेल द्या, कोणी म्हणालं साबणाची कांडी लावा. मी तिला खांद्यावर टाकून दारव्ह्याच्या दवाखान्यात नेली. डॉक्टरीण तरुण होती. तपासलं, पिण्याचं औषध लिहिलं, आणि पेन थांबवून विचारलं, “बाबा, घरी काही झालं का? कशाला घाबरली का ही?”

मी म्हटलं, “नाई.” चिमी माझ्या मांडीवर बसून माझ्या तोंडाकडं पाहत होती.

औषधानं थोडं झालं, पण रडून, ओरडून, चड्डीतच. आणि मग पुन्हा दाबणं सुरू.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई आली. काखेत राखेचा डबा. अंगणात उभी राहून म्हणाली, “झाली का?” मी म्हटलं, “नाई.” खोटं बोलायचं त्राण नव्हतं. ती ओट्यावर चढली. मला विचारलं नाही, चढली. चिमी बाजेच्या मागं होती, तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. सरळ आवारात गेली. संडासापाशी थांबली. कडीला हात लावला. वर केली, खाली केली, वर केली, खाली केली. कड कड आवाज आला, आणि घरात बाजेमागून चिमी किंचाळली.

बाई माझ्याकडं वळली. मला वाटलं आता ही बोलणार, गावभर बोलणार, आणि बोललीच पाहिजे. ती म्हणाली, “पेचकस हाये का घरात?”

मी पेचकस आणला. तिनं घेतला नाही. “तुमीच काढा,” म्हणाली.

स्क्रू गंजलेले. चार स्क्रू काढायला मला किती वेळ लागला देव जाणे. ती बाजूला उभी होती. कडी निघाली तेव्हा तिनं ती घेतली, तोवर दारात येऊन उभ्या राहिलेल्या चिमीला दिसेल अशी धरली, आणि आपल्या डब्यात राखेत पुरली. वरून हात फिरवला. “झाकलं,” म्हणाली.

मग मला म्हणाली, “पाट आना. बसा. पाय लांब करा.”

“मी?”

“नाईतर कोन? मी जातो घरी.”

“बाई, हे बायकाईचं काम...”

“काहून? पाय काय बायकाईलेच असतात?”

मी बसलो. चिमी आली नाही. बाई म्हणाली, “येनार नाई ते. आज नाई, उद्या नाई. थे येवो का नोको येवो, तुमी रोज बसाचं. बोलवाचं नाई. पाहाचं बी नाई तिच्याकडं. फकस्त पाय ठेवाचे.”

“अन् मागं गेली ते? सगळं सांगत होती हो ही, सगळं शिकली होती.”

“भाऊ, तुमी गाडी हाकली जनमभर. चिखलात चाक फसलं त काय करता? पुढंच रेटता का?”

“नाई. आधी मांगं घेतो.”

“मंग? लेकराले मांगं जाऊ द्या. बैल मारून चाक निंघत नाई.” एवढं बोलून ती आपल्या दोन वेगळ्या चपला घालून गेली.

तेव्हापासून मी रोज सकाळी अंगणात पाट टाकून, पाय पसरून बसू लागलो. आमचं अंगण रस्त्याला लागून. पारावरची मंडळी येता-जाता पाहायची.

“काय आबाजी, योगा चालू केला का?”

“बुढ्याचे पाय गेले वाट्टे.”

“अरे, उन्हात पापड वायवून राह्यले ते!”

मी पोरासोरांची तोंडं पाहत बसून राही. इतकी वर्षं मी त्या पारावरून लोकांना हसलो होतो, आता माझी पाळी होती. चिमी दारात बसून पाही. तिसऱ्या दिवशी ती पाटापर्यंत आली आणि परत गेली. पाचव्या दिवशी येऊन तिनं माझ्या पावलाला बोट लावलं. माझी पावलं भेगाळलेली, काळी. तिच्या आजीची मऊ नव्हती, पण लहान तरी होती. त्या रात्री मी जन्मात पहिल्यांदा पायाला खोबरेल लावलं. हेही मी कोणाला सांगितलं नव्हतं.

कोणत्या दिवशी ते नक्की आठवत नाही, पण ऊन बरंच वर आलं होतं. चिमी आली, पाठमोरी झाली, पुन्हा वळली आणि माझ्या पावलांवर बसली. तोंडासमोर तोंड. हात माझ्या गुडघ्यांवर ठेवले, कोणी ठेवायला लावले नव्हते. आणि वाट पाहू लागली. मला समजेना कशाची. मग म्हणाली, “आबा, शूऽऽ.”

ती मला नव्हती सांगत. मी आवाज काढायचा होता.

माझे पुढचे दात नाहीत. मी ओठ केले आणि जो आवाज निघाला तो ‘फूऽऽ’. पुन्हा केला, पुन्हा फू. चिमी माझ्या तोंडाकडं पाहत राहिली आणि हसली. बायको गेल्यापासून त्या घरात कोणी हसलं नव्हतं. ती हसता हसता तिचं अंग ढिलं पडलं आणि माझ्या दोन्ही पावलांवरून ऊन ऊन धार गेली. मी तसाच बसून राहिलो. मला वाटलं, एवढंच काम होतं. सुजल्या गुडघ्यानं ती हे करत होती आणि मी तीन हातांवर बसून चहा पीत होतो.

दोन दिवसांनी तशीच पावलांवर बसून तिचं पोटही मोकळं झालं. पण असं झालं म्हणजे सगळं झालं असं नव्हे. चार दिवस बरे जात, पाचव्या दिवशी पुन्हा ओलं. पुण्याहून मोबाइलवर तिची आई दिसली की हमखास ओलं. पोरगा तिकडून विचारी, “बाबा, काय म्हणते प्रगती?” मी म्हणे, “चाक मांगं घेतलं हाये.” त्याला काही समजत नसे.

मी तिला अंगणवाडीत सोडायला जाऊ लागलो, आणि पहिले काही दिवस ती मला जाऊ देईना, म्हणून दाराशी बसू लागलो. तिथं बसल्यावर मला ते दिसलं, जे पारावरून दिसत नव्हतं.

लेकरं ओळीनं बसली होती. ताई फळ्याकडं तोंड करून चित्र काढत होती. चिमी एकदम ताठ झाली. खाली पाहू लागली. तिच्या मांडीखालून सतरंजीवर एक काळा डाग पसरू लागला. शेजारचं पोट्टं वाकून पाहायला लागलं, त्यानं बोट उचललं, तोंड उघडलं. मी अर्धा उठलो होतो. तेवढ्यात बाई पिण्याच्या पाण्याचा भरलेला हंडा घेऊन कोपऱ्यातून आली. मी तिचे हात पाहिले. एक थेंबही हिंदळत नव्हता. ती बरोबर त्या दोघांच्या मध्ये आली, थांबली, आणि दोन्ही हातांनी हंडा आडवा केला.

धबाल्लकन आवाज. लेकरं किंचाळली, उठली, नाचू लागली. सगळ्या चड्ड्या ओल्या.

“झालं!” ताई ओरडली. “सांडलं का आज बी? अवं मावशी, तुमचे हात हायेत का काय हायेत?”

“हातच मोडका माहा, ताई,” बाई म्हणाली. ती खाली बसून राख टाकू लागली. मग तिनं पेटी उघडली. पेटीत तिनं जुन्या लुगड्यांच्या शिवलेल्या एकसारख्या चड्ड्या होत्या. ओळीनं सगळ्यांना घातल्या. कोणाची पाण्यानं भिजली आणि कोणाची कशानं, हे कोणाला विचारायचं कारणच उरलं नाही. चिमी सगळ्यांसोबत नाचत होती.

बाई मान वर करून माझ्याकडं पाहत होती. मी खाली पाहिलं. किती वर्षं झाली असतील या कामाला? तपासणीच्या मॅडमनी लिहिलं तेव्हा तिनं ‘बरोबर लिवलं’ म्हटलं होतं. गावातली अर्धी तरणी पोरं त्या सतरंजीवर बसून गेली, तो घोड्यावरचा नवरदेवही. आणि माझी बायको भाकरी थापत म्हणाली होती, तुमच्या ध्यानात येणार नाही.

मी पारावर जाऊन हे सांगायला पाहिजे होतं. नाही सांगितलं. सांगितलं असतं तर पोरांना कळलं असतं आणि तिचं सांडणं वाया गेलं असतं, असं मी स्वतःला समजावलं. ते काही खोटं नाही. पण खरं कारण ते नव्हतं. एक सांगितलं असतं तर लोकांनी दुसरं विचारलं असतं, आणि कडीपर्यंत गोष्ट आली असती.

उन्हाळ्याअखेर चिमीला पुण्याला नेलं. आता ती तिकडं शाळेत जाते. फोनवर मला विचारते, “आबा, झाली का?” तिला ते कुठून आलं हे तिच्या आईला माहीत नाही.

बाईला पासष्ट पूर्ण झाली आणि ती निवृत्त झाली. मारेगावला लेकीकडं जायची होती. ताईनं निरोपाचा कार्यक्रम ठेवला. सतरंजीवर सगळा गाव, टेबलावर शाल, नारळ, आणि एका मोठ्या पातेल्यात लिंबाचं सरबत. सरपंच बोलले, मॅडम बोलल्या. मॅडम हसत म्हणाल्या, मावशींनी अंगणवाडी कधी कोरडी राहू दिली नाही. लोक हसले. मग ताई म्हणाली, “आबाजी, तुमच्या नातीले मावशीनं लय जीव लावला. तुमी बोला दोन शब्द.”

मी उठलो. मी ठरवून आलो होतो. कडीपासून सांगायचं, नाव कोणी ठेवलं तेही सांगायचं. रात्रभर मनात जुळवलं होतं. मी म्हटलं, “हे जी बाई हाये...” आणि पुढं शब्द येईना. सगळी तोंडं माझ्याकडं. आणि मग मला मांडीला ऊन ऊन ओलं लागलं. माझा पांढरा पायजमा. वयाच्या सत्तराव्या वर्षी, पन्नास माणसांसमोर. मला हलता येईना. मी खाली पाहिलं, चिमी पाहायची तसं.

बाई शाल पांघरून खुर्चीवर बसली होती. ती कधी उठली ते मला दिसलं नाही. ते मोठं पातेलं तिनं दोन्ही हातांनी उचललं, “भाऊले सरबत देतो,” म्हणत माझ्यापर्यंत आली आणि माझ्या कमरेपासून खाली रिकामं केलं.

मग सगळी अंगणवाडी हसून लोटपोट.

“जाता जाता बी सांडलंच!”

“आखरी सांडलं हो, मोठं सांडलं!”

“आबाजीले आंघोय घातली!”

“हातच मोडका माहा,” बाई म्हणाली. नव्या शालीच्या पदरानं ती फरशी पुसत होती. माझ्या पायाशी वाकलेली असताना हळू म्हणाली, “झाकलं, भाऊ. जा घरी.”

आणि मी काय केलं? मी हसलो. सगळ्यांसोबत हसलो. ओला पायजमा झटकत म्हटलं, “सांडी ते सांडीच!” टाळ्या पडल्या. मी घरी आलो, पायजमा धुतला, दोरीवर टाकला आणि संडासात जाऊन बसलो. दाराला कडी नव्हती. दार आपोआप उघडत होतं, मी ते हातानं धरून बसलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ती मारेगावला गेली. मी स्टँडवर गेलो नाही.

म्हणून जे तिथं बोलायचं होतं ते इथं लिहितो. इतक्या वर्षांत त्या बाईच्या हातून एक थेंबही सांडला नाही. सांडलं ते आमचं.